नळीवरचा चिंचोका

मनकर्णाबाईने चाप ओढला. दणका झाला, धूर उठला, शेताच्या धुऱ्यावरच्या बाभळीतून साळुंक्या भर्रकन उडाल्या आणि दगडावर ठेवलेलं मडकं चुन्याचा टिळा लावून रुसलेल्या जावयासारखं जागच्या जागी बसून राहिलं.

"डोये उघडे ठेवा म्हनलं ना बाई!" श्रावण हवालदार ओरडला.

"उघडेच होते जी."

"झाकले! झाकल्याबिगर गोळी तिकडं बोरीत जाते का?"

मनकर्णाबाईने बंदूक मांडीवर आडवी घेतली. "तुमी त मडक्याकडे पाहून राह्यले होते, हवालदार. माहे डोये कवा पाह्यले?"

श्रावणने मिशीवरून हात फिरवला आणि नेहमीचं ठेवणीतलं वाक्य काढलं. "फौजेत दोनशे गडी शिकवले म्या. दोनशे! भरा, पुन्हा भरा."

बंदूक ठासणीची होती. नळीत आधी बारूद ओतायची, वर चिंध्यांचा बोळा गजाने ठासायचा, मग गोळी, मग पुन्हा बोळा, आणि शेवटी घोड्याखाली तांब्याची टोपी बसवायची. ही बंदूक मनकर्णाबाईच्या नवऱ्याची. बंडूजी पोळ्याच्या आधी तापाने गेले आणि त्यांच्यामागे अल्लीपूरच्या शिवारात चार एकर ज्वारी-तूर उरली. ती खायला रानडुकरांचा अख्खा कळप टपलेला. बंदुकीचा परवाना बंडूजींच्या नावावर. तो बाईच्या नावावर करायला ठाणेदाराची ना नव्हती, पण त्याने अट घातली होती. येत्या सोमवारी तो येईल, बाईने त्याच्यासमोर बार टाकायचा आणि मडकं फोडायचं. नाही फुटलं तर बंदूक ठाण्यात जमा. बंदूक गेली की शेत डुकरांचं, आणि पुढच्या साली मनकर्णाबाईने दुसऱ्याच्या बांधावर निंदणाच्या मजुरीला जायचं. इतका साधा हिशेब होता.

बंडूजींनी तिला चाप कधी ओढू दिला नव्हता. भरून देणं, पुसून ठेवणं, तेवढं तिचं. म्हणून तिने श्रावणला बोलावलं. श्रावणच्या घरात गेल्या वर्षीपासून बुद्धाची तसबीर लागली होती, आणि पाटलाच्या ओट्यावर कुजबुज झालीच की, कुणब्याची बाई त्याच्याजवळ शिकणार? मनकर्णाबाईने भर विहिरीवर विचारलं, "डुकरं जात पुसून शेतात घुसतात का?" तिथं सगळ्यांची तोंडं बंद झाली.

तर शुक्रवारची सकाळ. तीन बार झाले, तिन्ही वाया गेले. पहिला बोरीत, दुसरा मातीत, तिसरा कुठं गेला ते त्या गोळीलाच ठाऊक. श्रावणचा पारा चढला.

"तुमच्या हातानं नाई व्हायचं. आना इकडं, दाखवतो."

"थांबा, भरून देतो," मनकर्णाबाई म्हणाली.

ती पाठमोरी बसली. बारुदीचं शिंगाचं बुधलं खडखडलं, गज दोनदा खाली-वर झाला. तिने बंदूक श्रावणच्या हातात दिली आणि बाजूला सरकून उभी राहिली. श्रावणने एक गुडघा टेकला. दस्ता खांद्याला, गाल दस्त्याला, सगळं कसं पलटणीच्या शिस्तीत.

"पाहा. असा श्वास धराचा. असा हळूच..."

टच्च!

टोपी फुटली. बार झालाच नाही. ना धूर, ना धक्का.

आणि त्या शांततेत श्रावणला दिसलं की बंदुकीची नळी मडक्याकडे नव्हती. ती चांगली वीतभर खाली जाऊन समोरच्या ढेकळांकडे पाहत होती. हे पाहायला त्याला डोळे उघडावे लागले होते. म्हणजे ते मिटलेले होते.

"अगं माय," मनकर्णाबाई हळू आवाजात म्हणाली, "बारूद घालाचीच राह्यली वाटते."

एरवी या चुकीवर श्रावणने आकाशपाताळ एक केलं असतं. बारूद विसरतात का कुठं! पण बंदूक तशीच दगडाला टेकवून तो बोरीखाली जाऊन बसला.

ब्रह्मदेशातल्या लढाईत एक तोफगोळा त्याच्यापासून दहा पावलांवर फुटला होता. त्यानंतर कधीतरी हे डोळे मिटणं अंगात शिरलं असणार. पुढं त्याची गोळी चुकली की कधी वारा असायचा, कधी बंदूक वाकडी असायची, कधी समोर सूर्य असायचा. पास होण्यापुरतं जमायचं. कवायतीचा आवाज खणखणीत, म्हणून साहेबांनी त्याला शिकवण्यावर घातलं आणि तो वाचला. बार झाला की धूर आणि धक्का मिळून सगळं झाकून टाकत होते. पंधरा वर्षं तो दुसऱ्यांना डोळे उघडे ठेव म्हणून शिव्या घालत आला होता, स्वतःचे मिटून. आणि ते गडी? कोणाचे डोळे मिटत होते, कोणाची नळी खाली जात होती, त्याने पाहिलंच नव्हतं. तो मडकं पाहत होता. फुटलं की शाबास, नाही फुटलं की शिवी. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बऱ्याच वेळाने तो उठून आला.

"बाई, तुमीनं पाह्यलं?"

"काय जी?"

"नळी."

मनकर्णाबाई पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. "पाह्यली."

"किती खाली गेलती?"

"वीतभर."

"आन डोये?"

तिचा अंगठा आणखीच जोरात माती उकरू लागला. श्रावणला एकाएकी हसू आलं, पोट धरून आलं. "घ्या! म्हंजे आपन दोघं एकाच बाकावरचे."

त्या दुपारपासून ओरडणं बंद झालं. श्रावण पाठ फिरवून बंदूक भरायचा, कधी बारूद घालून, कधी नुसता बोळा ठासून, आणि न सांगता तिच्या हाती द्यायचा. बार होणार की नुसतं टच्च होणार, तिला ठाऊक नसायचं. नळीच्या टोकावर तो एक चपटा चिंचोका ठेवायचा, आणि मग मडक्याकडे पाठ करून तिच्यासमोर बाजूला उकिडवा बसायचा. तो तिच्या पापण्या पाहायचा, जबडा पाहायचा, चापावरचं बोट पाहायचा. टच्च झालं आणि चिंचोका पडला की म्हणायचा, "बार कशाला पाहिजे तुमाले? तो त त्याचा त्याचा होते. तुमी फकत टिळा पाहा." मग अदलाबदल. ती भरायची, तो धरायचा.

"पडला जी हवालदार," ती सांगायची. एकदाही हसली नाही.

शनिवारी उन्हं कलताना ते घडलं. श्रावणने नुसता बोळा ठासून बंदूक दिली होती. मनकर्णाबाईने श्वास अर्धा सोडला. तिच्या कपाळावरची रेघ विरली, जबडा सैल झाला, पापण्या जागच्या जागी. बोट आपलं आपण मागं येत होतं, गाईच्या आचळातून धार यावी तसं. टच्च झालं. नळी हलली नाही. चिंचोका हलला नाही. बाईचे काळेभोर डोळे टक्क उघडे, आणि त्यांत दूरचा तो चुन्याचा टिळा.

श्रावणच्या अंगावर सर्रकन काटा आला. माणसातून भीती निघून जाते ती अशी दिसते! दोनशे गड्यांपैकी काही जणांत तरी ती अशीच निघून गेली असेल, त्याच्या नाकासमोर, आणि तो कुठल्या तरी मडक्याकडे तोंड करून उभा होता. त्याचे डोळे भरून आले. काय काय पाहायचं राहून गेलं, बाप रे!

"काऊन हो, चुकलं का?" मनकर्णाबाईने घाबरून विचारलं.

"नाई माय," तो म्हणाला. "तशाच राहा जराशा. पाहू द्या."

सोमवारी ठाणेदार सायकलवरून आला. धुऱ्यावर अर्धं गाव जमलं होतं, पाटलाच्या ओट्यावरचेही झाडून सगळे. मनकर्णाबाई गुडघा टेकून बसली. सगळ्यांच्या माना मडक्याकडे वळल्या, एकट्या श्रावणची तिच्याकडे. दणका झाला तेव्हा मडकं फुटल्याचं त्याला लोकांच्या आरोळीवरून कळलं. पण त्याला ते आधीच, तिच्या डोळ्यांतच कळलं होतं.

"शाबास!" ठाणेदार म्हणाला. "पण बंदूक भरून कोणी दिली? भरता येते का बाई तुम्हाला? बारूद जास्त झाली तर हात जाईल."

मनकर्णाबाईने बुधलं उचललं. लोकांकडे पाहत, बंदुकीकडे न पाहता, तिने बारूद ओतली, बोळा ठासला, गोळी सोडली, पुन्हा बोळा ठासला, टोपी बसवली. पान लावायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

"सतरा वर्सं मीच भरली जी साहेब," ती म्हणाली. "माह्या हातून बारूद कधी राह्यली नाई."

श्रावण जागच्या जागी थिजला. शुक्रवारचं ते पाठमोरं बसणं, तो दोनदा खाली-वर झालेला गज, ते 'अगं माय'. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती पदराच्या टोकाने नळी पुसत होती. मान वर करून पाहायलाही तयार नव्हती.

"वा हवालदार," ठाणेदार कागदावर सही करता करता म्हणाला, "पलटणीचं शिक्षण आहे, लगेच दिसते."

हे वाक्य ऐकायला श्रावण एके काळी दहा कोस चालत गेला असता.

"नाई साहेब. पलटनीत म्या शिकवलं. शिकलो इथं, या धुऱ्यावर."

"इथं? कोणाजवळ?"

नळीवरचा पदर थांबला.

"ज्यायनं बंदूक भरून देल्ली, त्यायच्याजवळ," श्रावण म्हणाला.

ठाणेदाराला त्यातलं काही कळलं नाही. त्याने परवाना मनकर्णाबाईच्या हाती दिला आणि सायकलला टांग मारली. लोक पांगले. मनकर्णाबाईने पदर कपाळावर पुढे ओढला आणि केव्हाचीच लख्ख झालेली नळी पुन्हा पुसायला घेतली.