बिळापाशी पडलेली कडी

मित्रांनो, मी एक जुनी कडी आहे. दाराची नव्हे हो, पाखराच्या पायातली! कारखान्यात पत्रा कापून मला वळवलं आणि अंगावर नंबर ठोकला. मग एका बेटावर, समुद्रपाखराच्या एका पिल्लाच्या पायात माईंनी मला चढवलं. माई म्हणजे तिथल्या पाखरांच्या रखवालदारीण. "जा गं पोरी, सुखात राहा," म्हणाल्या.

पोरीबरोबर मी अख्खा समुद्र हिंडले, खाऱ्या पाण्यानं झिजले. इकडे बेटावर येणाऱ्या जोड्या घटत घटत एकच उरली, आमची. दुर्बिणीतून माझा नंबर दिसला की माई लहान मुलीसारख्या टाळ्या पिटायच्या. फार लाड झाले माझे!

ही पाखरं जमिनीत बीळ उकरून अंडं घालतात. यंदा पोरीचं जुनं बीळ ढासळलं. तिनं दाट झुडपाखाली नवं उकरलं. तिच्या पायाबरोबर मीही मातीत राबले. तिथं अंडं घातलं, पिल्लू झालं, आणि कुणाला पत्ताच नाही. पुढं जोडीदार वादळातून परतलाच नाही. ती एकटीच मासे आणून भरवू लागली.

माईंच्या घरी एक बोका होता. त्याच्या गळ्यात घंटी असायची. पाखरं बघायला येणाऱ्या पाहुण्यांना माईंचे धाकटे दीर फिरवायचे. ते एकदा वैतागले, "वहिनी, या घंटीनं पाखरं उडतात. पाहुण्यांना फोटो मिळत नाहीत."

"मग काढा ना, भाऊजी. दूध पिऊन नुसता ढोल झालाय, तो कसली शिकार करतोय!"

घंटी काढली. अरे देवा, तिथंच घात झाला. काल पोर चोचीत मासा घेऊन बिळाच्या तोंडाशी उतरली आणि बोक्यानं झडप घातली. आवाज आलाच नाही. उरली चार पिसं आणि मी.

आत्ता माईंना मी सापडले; झुडपात दडलेलं बिळाचं तोंड मात्र दिसलं नाही. त्या मटकन खाली बसल्या. "भाऊजी, संपलं हो सगळं! घंटी मीच काढायला सांगितली."

"वहिनी, उठा. या मोसमातली शेवटची बोट निघेल. आता बेटावर राहून राखायचं तरी काय?"

अहो, पिल्लू आहे ना! हातभर आत आहे, उपाशी आहे! पण पावलं वाजली की गप्प बसायचं, हे त्याला आईनंच शिकवलंय. ते गप्प बसलं. माईंनी मला पदराच्या गाठीत बांधलं आणि त्या चालू लागल्या. आता पावलं लांब गेल्यावर ते आईला हाका मारतंय. वाऱ्यात ऐकणार कोण? मला तोंड नाही, मित्रांनो, नुसता नंबर आहे.

तुम्हाला कधी अशी कडी सापडली तर रडा खुशाल, पण आधी वाका आणि बिळात हात घाला. मेलेल्याचं दुःख नंतरही करता येतं.

बोटीचा धक्का आला. भाऊजी बोटीत चढलेसुद्धा. माई, अहो माई, मागे फिरा!