दुसऱ्या डोंगरावरचा ठिपका

बैठकीत प्रत्येक बेडकाला वीस मिनिटं होती. दोन दिवसांत चाळीस जातींचे बेडूक निकालात काढायचे, म्हणजे कोण कितपत मरायला टेकलाय ते ठरवायचं, तर जास्त वेळ आणायचा कुठून? अध्यक्षबाईंनी मनगटावरचं घड्याळच टेबलावर काढून ठेवलं होतं. पडद्यावर नकाशे, मधोमध बिस्किटांची बशी आणि भोवती बेडकांवर आयुष्य घालवलेली चौदा माणसं. त्यांतल्या निम्म्यांनी गेल्या दहा वर्षांत जंगलात पाऊल टाकलं नव्हतं, पण मत प्रत्येकाला होतं.

बेडूकताई त्या चौदांतली एक. हे नाव तिला डोंगरावरच्या वाटाड्यांनी ठेवलं आणि मग ते कायमचं चिकटलं. वय पंचेचाळीस, गुडघे साठीचे, राग नाकाच्या शेंड्यावर. सकाळी ती दारात चपला घालत असताना नवरा म्हणाला होता, "आज तरी भांडू नकोस गं बाई." ती म्हणाली, "मी कधी भांडते?" त्यावर तो इतका हसला की हातातला चहा सांडला.

तिच्या बेडकाचा नंबर दुपारी तीनला होता. नखुल्या. अंगठ्याच्या नखावर मावेल एवढा, तपकिरी, कुजक्या पानांच्या थरात राहणारा. ओढ्याशी, डबक्याशी त्याचा संबंध नाही. मादी ओल्या पानांखाली पाच-सहा अंडी घालते आणि त्यांतून थेट बेडूकच बाहेर पडतो, तांदळाच्या दाण्याएवढा. नराचा आवाज बॉलपेनचं बटण दाबल्यासारखा. टिक. बावीस वर्षं दर पावसाळ्यात बेडूकताई एकाच डोंगराच्या माथ्यावर चिखलात बसून हे टिक मोजत आली होती. त्या डोंगराबाहेर नखुल्या कुठेही नाही, हे तिला स्वतःच्या घराच्या पत्त्याइतकं पक्कं ठाऊक होतं.

आता तो माथा दगडखाणीला हवा होता. परवानगीची फाइल याच बैठकीसाठी अडली होती. नखुल्या 'अतिधोक्यात' ठरला तर माथा वाचणार, नाहीतर पुढच्या महिन्यात तिथे सुरुंग लागणार.

सकाळी सगळ्यांना नकाशे वाटले आणि तिचं डोकं फिरलं. माथ्यावर दाटीवाटीनं तिचे ठिपके होते. ते बरोबर. पण ऐंशी किलोमीटर पलीकडे, दुसऱ्या डोंगरावर, तो एकटा ठिपका अजून होताच. हा ठिपका काढा म्हणून तिनं तीन पत्रं लिहिली होती आणि तिन्हींना "विचार करू" असं उत्तर आलं होतं. नियम असा की सगळ्यांत बाहेरचे ठिपके रेघेनं जोडायचे आणि रेघेच्या आतला मुलूख त्या प्राण्याचा धरायचा. त्या एका ठिपक्यानं नखुल्याला दोन बाजारगावं, एक तलाव आणि मैलोन्‌मैल उसाची शेती बहाल केली होती. एवढी मोठी जहागीर असलेला बेडूक अतिधोक्यात कसा म्हणायचा?

"हा ठिपका चुकीचा आहे," ती उठून म्हणाली. "ती थोरल्याची पिल्लं आहेत."

थोरला म्हणजे नखुल्याचा धट्टाकट्टा भाऊबंद. तो कुठेही सापडतो, आणि त्याची पिल्लं नखुल्यासारखीच दिसतात, अगदी डोळ्यांवरच्या काळ्या पट्टीसकट.

"तो ठिपका माझा आहे," टेबलाच्या टोकाकडून सर म्हणाले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पांढरेशुभ्र केस, शांत आवाज. तिथल्या निम्म्या लोकांना बेडूक धरायला त्यांनीच शिकवलं होतं. बेडूकताईलाही. "दोन नमुने खाली संग्रहालयात बरणीत आहेत. लेबलही आहे."

खाणवाल्यांनी पाठवलेला सल्लागार गोड हसला. "आता सरांच्या नोंदीवरही शंका घ्यायची का आपण?"

बेडूकताईनं सरांकडे पाहिलं, तर ते चष्मा पुसत होते.

लेबलाचं तिला कोण सांगणार? ते तिच्याच हातचं होतं. तेव्हा ती तेवीस वर्षांची, सरांची विद्यार्थिनी. दुसऱ्या डोंगरावरच्या तंबूत सरांनी दोन बेडूक तळहातावर घेतले आणि म्हणाले, लिही, नखुल्या. ती म्हणाली, "सर, ही पिल्लं वाटतात, थोरल्याची." सरांनी विचारलं, "तू किती वर्षं बेडूक बघतेस?" "दोन." "मी तीस. लिही." तिनं लिहिलं. त्या लेबलावर पुढे सरांचा गाजलेला सिद्धांत उभा राहिला, की हे दोन्ही डोंगर एकेकाळी एकाच जंगलाचे होते. त्यावर पुस्तक निघालं, त्यावर मानपत्र मिळालं. आणि तो डोलारा कोसळू नये म्हणून एक अख्खी जात मेली तरी चालणार होती!

जेवणाच्या सुट्टीत सगळे ताटांकडे वळले आणि ती तळघराकडे. संग्रहालयाच्या बरण्या सांभाळणारे मामा डबा उघडतच होते. स्पिरिटच्या वासात जेवायची त्यांना तीस वर्षांची सवय.

"मामा, मला ती बरणी हवी. आणि एक बेडूक कापायचाय."

"बघायला देतो. कापायचा तर ज्यानं गोळा केला त्याची सही लागते. मग अर्ज समितीपुढे जाणार. धरा तीन महिने."

"बैठक तीन वाजता आहे."

"मग राहिलंच की ते!" मामा म्हणाले. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि डब्याचं झाकण पुन्हा लावलं. "ताई, मी वर जेवायला जातो. पण परत आल्यावर तक्रार लिहीन हं. सोडणार नाही. तुम्हाला इथं पुन्हा पाय ठेवता येणार नाही."

"लिहा. खुशाल लिहा."

तिनं बरणी उघडली. पांढुरके पडलेले दोन बेडूक, पायाला दोऱ्यानं बांधलेलं लेबल, त्यावर तिचं तेव्हाचं गोल गोल, आज्ञाधारक अक्षर. ते अक्षर बघून तिला स्वतःचीच शिसारी आली. तिनं एक नमुना सूक्ष्मदर्शकाखाली घेतला आणि पोटावर बारीक चीर दिली. नखुल्या या मापाचा झाला की पूर्ण वाढलेला असतो. मादी असेल तर पोटात बाजरीएवढी अंडी दिसतात, नर असेल तर घशाखाली आवाजाची पिशवी. इथे दोन्हींपैकी काहीच नव्हतं. सगळं कच्चं. पिल्लू होतं ते, थोरल्याचं.

तीन वाजता तिनं तो ट्रे बिस्किटांच्या बशीशेजारी नेऊन ठेवला.

"कुणाच्या परवानगीनं कापलात?" सल्लागारानं विचारलं.

"कुणाच्याच नाही. तक्रार खाली लिहिली जातेय, तुम्हीही सही करा."

अध्यक्षबाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "अहो, पण तुम्हीच कापलात आणि तुम्हीच सांगताय. हे ग्राह्य कसं धरायचं?"

"दुसरा अखंड आहे." तिनं चिमटा आणि पातं सरांसमोर ठेवलं. "सर, हा तुम्ही कापा. आत अंडी निघाली तर मी सगळ्यांची माफी मागते आणि बावीस वर्षांच्या वह्या जाळून टाकते."

सरांनी पात्याला हात लावला नाही. त्यांनी ट्रे जरा दूर सरकवला. मग म्हणाले, "कापायची गरज नाही. पिल्लंच आहेत ती." आणि थोडं थांबून, "ही तेव्हाच म्हणाली होती मला. आठवतंय."

आठवतंय! बेडूकताईला वाटलं होतं, म्हातारा विसरला असेल, किंवा स्वतःच्या सिद्धांतावर खरंच भाळला असेल. तेवढी तरी सूट तिनं त्यांना मनातल्या मनात दिली होती.

कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं, मग सगळ्या टेबलानं. "या वयात एवढा मोठेपणा!" शेजारचा प्राध्यापक डोळे टिपत म्हणाला. सल्लागारानंही दोन टाळ्या वाजवून घेतल्या. अध्यक्षबाईंनी ठिपका पुसला, मधला सगळा मुलूख नकाशावरून गळून पडला, आणि नखुल्या 'अतिधोक्यात' ठरला. इतिवृत्त टाइप करत त्या मोठ्यानं वाचू लागल्या, "सरांनी स्वतःहून केलेल्या सूचनेनुसार जुनी नोंद वगळण्यात..."

"खोडा ते!"

टाळ्या थांबल्या.

"कसल्या टाळ्या वाजवताय? लाज नाही वाटत?" बेडूकताईचा आवाज चिरकला, पण तिला त्याची पर्वा नव्हती. "बारा वर्षांपूर्वी याच खोलीत, याच ठिपक्यावर, नखुल्याला 'चिंता नाही' म्हणून सोडून दिलंत. त्याच कागदावर डोंगराची दक्षिण बाजू खाणीला गेली. तेव्हाही यांना आठवत होतं! आणि मी कुठे होते? मी त्या कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहीत होते. तोंड उघडलं नाही मी. सरांसमोर कसं बोलायचं म्हणून!"

"बस आता," सर हळूच म्हणाले. "झालं ना तुझ्या मनासारखं?"

"नाही झालं." ती अध्यक्षबाईंच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. "टाइप करा. नोंद चुकीची होती हे सरांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लेबल माझ्या हातचं आहे, आणि मलाही माहीत होतं. दोघांची पूर्ण नावं घाला."

अध्यक्षबाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी मान खाली घातली. बाईंनी टाइप केलं.

"आता दक्षिण बाजू. खाणीआधी शेवटची मोजणी, तीनशे चाळीस आवाज."

"आणि आज?" बाईंनी विचारलं.

"मागच्या पावसाळ्यात अकरा रात्री बसले होते मी तिथे," बेडूकताई म्हणाली. "शून्य लिहा."