शाळेत मूल आणायचं नाही

कान्हे गावातल्या मुलींच्या शाळेत मी रुजू झाले तेव्हा अर्ध्या वर्गाच्या कडेवर दुसरा अर्धा वर्ग असायचा. धाकटी भावंडं. कोणी पाटी चाटतंय, कोणी ताईचा परकर ओढतंय. बाराखडी शिकवताना माझाच आवाज मला ऐकू येत नसे. पहिल्याच आठवड्यात मी तीन नियम केले आणि रोज प्रार्थनेनंतर ते मुलींकडून म्हणवून घेऊ लागले. विचारल्याशिवाय बोलायचं नाही. विचारल्याशिवाय उठायचं नाही. शाळेत मूल आणायचं नाही.

पुण्यात कॉलेजात शिकलेली मी. नियम सगळ्यांना सारखा, हे मला मनापासून पटलेलं. शिवाय माझी नोकरीही त्याच अटीवर होती. नेमणुकीच्या वेळी स्कूल बोर्डातल्या गृहस्थांनी विचारलं होतं, मुलीचं काय करणार? सांभाळायला बाई ठेवलीय, असं मी सांगितलं. ते खरंही होतं. सरुबाई माझ्या नलूला दिवसभर सांभाळायची. यजमान तळेगावला क्षयाच्या दवाखान्यात होते. माझी नोकरी सुटली की त्यांची खाटही सुटली असती.

भातलावणी सुरू झाली आणि गावात बाई म्हणून घरी उरली नाही. भावंडं सांभाळायला बऱ्याच मुली घरी राहिल्या. मेहरुन तेवढी यायची. तिची आईही लावणीला. निजामला, धाकट्या भावाला, कडेवर घेऊन ती उंबऱ्याबाहेर ओट्यावर बसायची आणि तिथूनच पाढे म्हणायची. "मी आत न्हाई आले, बाई," हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ओट्याबद्दल मी काही नियम केला नव्हता.

मग एका सकाळी सरुबाईचाही निरोप आला, आपलं खाचर लावून होईतो येत नाही म्हणून. माझी खोली शाळेच्या मागेच, मधे एक भिंत. नलूला दूध पाजून निजवलं आणि बाहेरून कडी घातली. मधल्या सुट्टीत जाऊन बघू, म्हटलं.

सुट्टीच्या आधीच दिपोटी आले. शाळा तपासणारे साहेब. वर्दी न देता येण्याची त्यांची रीतच. खुर्ची ओढून वर्गासमोर बसले आणि मुलींना तोंडी हिशेब घालू लागले.

भिंतीपलीकडे नलू उठली. आधी कुरकुर, मग हाक, मग टाहो. मुलींची डोकी पाटीवरून वर आली आणि माझ्याकडे वळली. सगळ्यांच्या ओळखीचा आवाज. पण एकही बोलली नाही, एकही उठली नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला वाटलं, एखादीनं नियम मोडावा.

कोणाचं मूल रडतंय, असं साहेबांनी विचारलं. शेजारचं असेल, मी म्हटलं, आणि फळ्याकडे वळले.

मग रडणं एकदम थांबलं. रडण्यापेक्षा ते वाईट होतं. खोलीत पाण्याची घागर होती. तिच्यावर झाकण ठेवलं होतं का, एवढंच मी आठवत राहिले. मागे साहेब कोणाला तरी विचारत होते, सात बैलांचे पाय किती.

वळले तर दारात मेहरुन. एका कडेवर निजाम, दुसऱ्या कडेवर नलू. नलूच्या गालांवर ओघळ वाळलेले. मला बघताच तिनं दोन्ही हात पुढे केले. मेहरुनचे पाय मात्र उंबऱ्याच्या बाहेरच होते.

"ही दोन पोरं कोणाची गं?" साहेब म्हणाले.

मेहरुननं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही. काहीच केलं नाही.

"दोगंबी माजीच भावंडं हायती, सायेब."

नलू "आई" म्हणाली. आईची आठवण आली वाटतं पोरीला, असं म्हणून साहेब हसले. वर्ग गप्प होता. एवढी शिस्त त्यांनी तालुक्यात कुठं पाहिली नव्हती म्हणे. शाळेत मूल आणायचं नाही हे कळल्यावर हा नियम दुसऱ्या शाळांनाही लावून देतो म्हणाले. फक्त पोरं घेऊन ओट्यावर बसणंही बरं दिसत नाही, तेवढं बंद करा. मेहरुनला त्यांनी घरी पाठवलं. ती माझ्या मुलीला घेऊन गेली. रडणं लांब लांब जात होतं आणि मी सातचा पाढा म्हणवून घेत होते.

साहेबांचा टांगा हलल्यावर मी वर्ग सोडला आणि शेताकडे पळत सुटले. खाचरात बायका वाकलेल्या, बांधावर मेहरुन. तिच्या शेजारी इरल्याखाली दोन्ही पोरं झोपलेली. मी नलूला उचललं.

"बाईंची लेक बी आली व्हय लावनीला?" गुडघाभर चिखलातून सरुबाई ओरडली. बाया हसल्या. मीही हसल्यासारखं केलं.

"बाई," मेहरुननं विचारलं, "आता ओट्यावर बी न्हाई का?"

नाही, म्हटलं. साहेबांनी तसं सांगितलंय. तिनं मान हलवली, एवढंच. मी तिथंच उभी राहिले. उद्याही सरुबाई याच चिखलात असणार होती आणि उद्याही शाळा होती. या मुलीला जे विचारायचा मला काडीचा हक्क नव्हता, ते मी विचारलं.

"उद्या माझ्या खोलीत बसशील? दोघांना घेऊन. दार आतून लावून घे. भिंतीतून शिकवलेलं ऐकू येतं."



"आन् नलू रडली तर?"

मी नलूला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"मंग तुमी लय मोट्यानं शिकवा," मेहरुन म्हणाली.