धावदोरा

नव्या वसाहतीचा नकाशा कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर झाला आणि बसमार्गांचा पहिल्यावर. मधल्या दुसऱ्या मजल्यावर चहा मिळायचा. दोन्ही खात्यांची माणसं एकाच टेबलावर चहा प्यायची. कामाचं तेवढं बोलायची नाहीत.

तिसऱ्या मजल्यावरच्या नकाशेबुवांना हे नाव त्यांच्या थोरल्या बहिणीनं ठेवलेलं. त्यांनी तिला वसाहतीचा नकाशा दाखवला, तेव्हा घरांच्या दारावरून जाणारी बसची तुटक रेघ बघून ताई हरखली. तीस वर्षं बाजारातल्या टेलरमास्तरांकडे काजं-बटणं केलेली बाई. म्हणाली, "अरे, हा तर धावदोरा! धावदोरा घातला की पक्की शिवण होतेच."

"होतेच," नकाशेबुवा म्हणाले. तुटक रेघ म्हणजे नुसतं 'प्रस्तावित', हे सांगायचं त्यांच्या जिवावर आलं. ताईनं बाजारामागची खोली सोडायचं ठरवलं आणि वसाहतीत घर नोंदवलं.

घरं झाली, रस्ता झाला, थांब्याचा खांबही उभा राहिला. कारण खांब रस्त्याच्या कंत्राटात होता. बस नव्हती. पहिला मजला म्हणाला, "माणसं राहायला येऊ देत, मग बस सोडू." माणसं म्हणाली, "बस येऊ दे, मग राहायला येऊ." नकाशेबुवा सात वेळा अर्ज घेऊन खाली गेले. सातही वेळा चहा चांगला होता.

ताई मात्र राहायला गेली. कामाला जाताना रोज पाऊण तास चालत हमरस्ता गाठायची आणि तिथून बाजाराची बस. अशी दोन वर्षं काढली. गुडघ्यांनी आधी कुरकुर केली, मग संपच पुकारला.

रविवारी नकाशेबुवा स्कूटरवरून तिच्याकडे गेले. मार्ग रद्द झाल्याचं पत्र खिशात होतं. ताईनं पाणी दिलं आणि रुमालात गुंडाळलेली कात्री पुढे केली.

"मास्तरांना दे. दुकानाची आहे."

"अगं, थोडी कळ काढ. बस..."

"पुरे रे. तोंड बघ आरशात, सगळं लिहिलंय त्यावर." ती हसली. "पक्की शिवण झाली की धावदोरा उसवतात, हे ठाऊक होतं मला. शिवण न घालताच उसवणारे शिंपी मात्र पाहिले नव्हते बाई!"

नकाशेबुवांनी कात्री घेतली.

"आणि नीट धर ती. धार लावलीय. नवी कुणी येईल, तिची बोटं दुखायला नकोत."

परतताना त्यांनी खांबापाशी स्कूटर उभी केली. त्या थांब्यावर थांबलेलं ते पहिलंच वाहन. बराच वेळ ते हललं नाही.