नारळ खवून ठेवलेत

"आप्पांचं काही खरं नाही. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, जवळच्या माणसांना बोलावून घ्या. तू निघ."

एवढं बोलून सलिलने फोन ठेवला. सलिल म्हणजे माझा नवरा. एरवी मी त्यांना अहो-जाहो करते, चारचौघांत नाव घेत नाही. पण हे सांगताना नुसतं सलिलच म्हणणार आहे. तेवढा राग अजून आहे.

आंजर्ल्याला आम्ही जिच्याकडे उतरलो होतो त्या हौसाबाईंच्या पडवीत मी घावन खात बसले होते. तेजल अंगणात सायकलींच्या चेनला तेल देत होती. आम्ही दोघी रत्नागिरीत एकाच लॅबमध्ये कामाला. मी रक्त काढते, ती रिपोर्ट करते. ती माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण तिनेच मागे लागून पन्नाशीत मला सायकल घ्यायला लावली, आणि दसरा झाल्यावर रजा टाकून आम्ही निघालो. पहिला मुक्काम मालगुंडला तिच्या आईकडे, दुसरा गुहागरला, तिसरा इथे. दोन खाड्या फेरीबोटीतून ओलांडल्या. चढ आला की उतरून ढकलायचं, उतार आला की ओरडत सुटायचं. दोन्ही बाजूंना भात पिवळं झालेलं, वर कातळाच्या सड्यावर गवत वाळायला लागलेलं. घशाला कोरड पडत होती आणि मी मूर्खासारखी हसत होते.

आता फक्त केळशी उरली होती. दोन तासांचा रस्ता. माझे वडील तिथे शाळामास्तर होते. भाड्याचं घर होतं, ते केव्हाच सुटलं. पण ओहोटीला केळशीच्या वाळूवर मी मोठ्यांची सायकल मधून पाय घालून शिकले होते. वाळू इतकी कडक की चाक रुतत नाही. लग्न झाल्यापासून मी जिथे जिथे गेले ती कुणाच्या तरी कामाला. बाळंतपणाला, दवाखान्यात, मुंजीला, तेराव्याला. केळशीला तेवढं कुणाचंच काम नसताना जाणार होते.

"काय झालं, ताई?" तेजलने विचारलं.

सांगितलं. तेलाचे हात फडक्याला पुसत ती म्हणाली, "आप्पांना व्हिडिओवर बघा ना एकदा."

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?"

"काय नाय. परवा सलिलदादांचा फोन आलेला ना, कोजागिरीला मित्र येतायत, परत ये म्हणून. तुम्ही नाय म्हणालात."

मी तिला फाडून खाल्लं. म्हटलं, तोंडाला येईल ते बोलू नकोस, स्वतःच्या बापाच्या मरणाचं खोटं कुणी सांगतं का. तिने फडकं खांद्यावर टाकलं. मग एवढंच म्हणाली, "तुम्ही जावा. सायकल राहू दे. मी इथेच थांबते."

हौसाबाईंनी गावातली गाडी ठरवून दिली. दापोली, खेड, मग हायवे. सगळी वाट मी स्वतःला शिव्या घालत होते. फार केळशी केळशी करत होतीस, घे आता. आप्पा माझे सासरे, पण वडील गेल्यावर मला वडील म्हणावं असं तेवढंच माणूस उरलं होतं. निघायच्या सकाळी चौऱ्याऐंशी वर्षांचे आप्पा काठी टेकत अंगणात आले आणि दोन्ही चाकं अंगठ्याने दाबून बघितली. "हवा बरी आहे," म्हणाले. "केळशीची वाळू अजून तशीच कडक आहे का, बघून ये. मग मला सांग." हे आठवलं की रडू यायचं. चिपळूणला डिझेलसाठी गाडी थांबली तेव्हा मी सलिलला फोन लावला.

"आहेत अजून," तो म्हणाला.

आहेत अजून. हे दोन शब्द त्याने कसे उच्चारले असतील, जीभ कशी रेटली असेल, ते मला आजही कळत नाही. पुढे हातखंब्यापर्यंत मी रामरक्षा म्हणत होते आणि दर वेळी मध्येच चुकत होते.

घरी पोचले तेव्हा दुपार कलायला लागली होती. आप्पा ओटीवर झोपाळ्यावर बसून भिंग लावून पेपर वाचत होते.

मी चपला न काढताच गेले आणि त्यांचा हात धरला. लॅबमधली सवय, बोटं आपोआप नाडीवर गेली. नाडी माझ्यापेक्षा शांत चालली होती.

"अगो दमू, तू इथे कशी?" आप्पा म्हणाले. "केळशीला ना गेलीस?"

"तुम्हाला बरं नाही ना?"

"मला काय झालंय? सकाळी दोन भाकऱ्या खाल्ल्या."

मी त्यांचा हात सोडला आणि स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर परात. परातीत पांढऱ्याशुभ्र खोबऱ्याचा ढीग. शेजारी चिरलेला गूळ, तांदळाच्या पिठीचा डबा, आणि खाली विळीवर बसलेला माझा नवरा.

"आलीस? लवकर आलीस," तो म्हणाला. "नारळ खवून ठेवलेत. म्हटलं, तेवढंच तुझं निम्मं काम हलकं. बोटं बघ, सोलपटली."

बोटं दाखवली हो त्याने मला. मी आंजर्ल्यापासून एका म्हाताऱ्या माणसाचं मरण छातीवर घेऊन आले होते, आणि हा मला सोललेली बोटं दाखवत होता.

"आप्पा चांगले आहेत," मी म्हटलं.

"हो ना, देवाची कृपा. ते काय झालं, संध्याकाळी कॉलेजची सगळी मंडळी येतायत पुण्याहून. त्यांना मी मागेच शब्द दिला होता, हिच्या हातचे उकडीचे मोदक खाल तर बोटं चाटत राहाल. आता साधं बोलावलं असतं तर आली असतीस का? परवा विचारलं तर सरळ नाही म्हणालीस."

"सरळ नाही म्हटलं म्हणजे काय, ते कळतं का तुम्हाला?"

"अगं, केळशी कुठे पळून जाते का? पुढच्या महिन्यात गाडीने नेतो."

तेव्हा माझा तोल गेला. अशी मी आयुष्यात ओरडले नव्हते. म्हटलं, मोदकांसाठी बापाला मारलंत, उद्या पुरणपोळीसाठी कुणाला माराल? म्हटलं, वाटेत मी तुम्हाला फोन केला तेव्हा "आहेत अजून" म्हणालात, तेव्हा हातात खोबरं होतं ना? म्हटलं, तुम्ही माणूस आहात का कोण आहात? तो नुसता "हळू बोल, शेजारी ऐकतील" एवढंच म्हणत राहिला. शेजारी ऐकतील म्हणून मी आजवर जे जे गिळलं होतं ते सगळं त्या दिवशी शेजाऱ्यांनी ऐकलं. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

काठीचा आवाज आला. आप्पा दारात उभे होते.

"माझं काय झालं म्हणून सांगितलंन?" त्यांनी मला विचारलं.

"डॉक्टर म्हणाले जवळच्या माणसांना बोलवा, असं."

सलिल हसला. ओशाळला होता, तरी हसला. "आप्पा, असं खोटं कुणी बोललं की आयुष्य वाढतं म्हणतात."

"माझं वाढलं," आप्पा म्हणाले. "हिचा दिवस गेला तो कोण भरून देणार?"

सलिलने विळी मिटली. आप्पा माजघरात गेले. दिवसाउजेडी पलंगावर आडवे झाले आणि चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. मला वाटलं, आता खरंच काही होतंय. मी धावले. तर त्यांनी मला हाताने बाजूला केलं आणि मुलाला हाक मारली.

"सलिल, फोन आण इकडे. मित्रांना सांग."

"काय सांगू?"

"तिला काय सांगितलंस? तस्सं सांग. घरात माणूस अत्यवस्थ असताना मोदक उकडत नाहीत."

"आप्पा, ते निम्म्या वाटेत असतील."

"हीसुद्धा निम्म्या वाटेतच होती."

सलिल माझ्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं, मी नेहमीसारखं मध्ये पडून म्हणेन, जाऊ दे, आप्पा, आले आहेत लोक तर करते मी. ते शब्द माझ्या तोंडाशी आलेही होते. इतक्या वर्षांची सवय. मी पलंगाच्या कडेला बसले आणि तोंड घट्ट मिटून ठेवलं.

त्याने फोन लावला. आप्पांसमोर, कान लाल होईस्तोवर, शब्दाला शब्द तेच बोलला. "आप्पांचं काही खरं नाही. डॉक्टर येऊन गेले." पलीकडून बहुधा कुणीतरी विचारलं, आम्ही येऊ का भेटायला. तो "नको, नको" म्हणाला आणि आतल्या खोलीत जाऊन बसला.

"मोदक मलाही आवडतात हो," आप्पा छताकडे बघत म्हणाले. "पण आज नकोत. दमू, उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने जा. मला काही होत नाही. झालंच तर हा आहे, नारळ खवायला."

सकाळी निघाले तेव्हा परात तशीच फ्रिजमध्ये होती, वर ताट झाकलेलं. सलिल दारापर्यंत आला. "एवढं काय मनाला लावून घ्यायचं," म्हणाला. मी चपला घातल्या. राग संपला नव्हता. आता तो माझ्या घरातच राहायला आला होता.

एसटी बदलत बदलत आंजर्ल्याला पोचले. तेजलने रजा वाढवून घेतली होती. "मी म्हटलं नव्हतं का," असं ती म्हणेल म्हणून मी तयारीत होते. ती म्हणाली, "जेवलात का?" मीच तिला म्हटलं, चुकले गं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या."

आदल्या दिवशी कोजागिरी, म्हणजे इकडची नव्याची पुनव झाली होती. हौसाबाईंनी दाराला बांधलं तसं नवं आमच्या दोन्ही सायकलींच्या हँडलला बांधलं होतं. आंब्याच्या पानात गुंडाळलेल्या भाताच्या लोंब्या आणि झेंडूचं एक फूल. "घरातल्या सगळ्या जितराबाला बांधलं, तुमच्या सायकली काय पाप केल्यात?" म्हणाल्या.

ऊन उतरल्यावर निघालो. आडे गाव मागे टाकलं, चढ ढकलले. केळशीला पोचलो तेव्हा समुद्र पार आत गेलेला, वाळू ओली आणि सपाट. सुरूच्या बनातून मी सायकल खाली उतरवली. पाय टाकणार तेवढ्यात फोन वाजला. सलिल.

एकाच वेळी वाटलं, आप्पा गेले. आणि वाटलं, खोटं असणार. आणि कळलं की हे आता असंच राहणार. खरी बातमी येईल त्या दिवशीसुद्धा मी आधी खोटं समजेन. कोजागिरीच्या मोदकांपायी त्याने माझ्याकडून हेसुद्धा घेतलं होतं.

मी फोन उचलला.

"ते खोबरं आंबल्यासारखं वाटतंय," सलिल म्हणाला. "टाकू का?"

तेजल माझ्या चेहऱ्याकडे बघत उभी होती. मी म्हटलं, "आप्पांना द्या फोन."

"अगं, पण खोबऱ्याचं..."

"आप्पांना द्या."

काठी वाजली, झोपाळा कुरकुरला, मग आप्पांचा श्वास ऐकू आला.

"पोचलीस?"

"पोचले."

"वाळू कशी आहे?"

मी टाचेने दाबून बघितली. टाच उमटलीसुद्धा नाही.

"कडक आहे, आप्पा."

"मग फोन ठेव," ते म्हणाले.