दहापट डोंगर

ग्रेस ओहोळने बटण दाबलं आणि स्क्रीनवरच्या रस्त्यावर एकामागून एक चौकटी पडत गेल्या, वाळवणाच्या साडीवर पापड पडावेत तशा. प्रत्येक चौकटीची एक शीट. शीटच्या वरच्या भागात आभाळातून पाहिलेला रस्ता, खालच्या भागात तोच रस्ता बाजूने पाहिलेला, चढ-उतारांसकट. नगरच्या, रस्ते आखून देणाऱ्या त्या छोट्याशा ऑफिसात ग्रेस खुर्चीसकट गरकन फिरली. पोरगी हुशार, पण आनंद पोटात ठेवायची अक्कल देवाने तिला दिलीच नव्हती. आणि ठेवावा तरी का? आजवर तिने दुसऱ्यांच्याच रस्त्यांच्या शीट लावल्या होत्या. खर्ड्याकडच्या वाडीचा हा रस्ता मात्र पहिल्यापासून तिचा. मोजणीला तीच गेली, वळणं तिनेच बसवली, आणि शीटच्या कोपऱ्यात पहिल्यांदाच तिचं नाव आलं होतं. मुंगीएवढं, पण आलं होतं.

मग तिने जे केलं ते शहाण्या माणसाने केलं नसतं. सगळ्यात देखणी शीट तिने वाडीतल्या सहादेवच्या मोबाईलवर पाठवून दिली. खाली लिहिलं, "मावशींना दाखवा, त्यांच्या दारातला रस्ता!" मावशी म्हणजे सहादेवची बायको लंकाबाई. रस्ता रुंद व्हायला तिच्या रानाची एक पट्टी लागत होती, आणि मोजणीच्या दिवशी ग्रेसला चहा पाजता पाजता ती "घ्या की" म्हणून मोकळी झाली होती.

सकाळी सहादेवचा फोन आला. "म्याडम, लंका न्हाई म्हनती. पट्टी मिळायची न्हाई."

ऑफिसच्या मालकांनी, हनुमंत सरांनी, डोक्याला हात लावला. "पट्टी नाही तर रस्ता नाही. शीट गुंडाळून ठेव, ग्रेस."

शीटबरोबर ग्रेसचं नावही गुंडाळलं जाणार होतं. "सर, एकदा जाऊन तर येऊ," ती म्हणाली, आणि सरांना गाडीची किल्ली सापडेपर्यंत ती पुढच्या सीटवर बसलीसुद्धा.

लंकाबाई पदर खोचून ओट्यावर उभी होती. निम्मी वाडी जमलेली. तिने मोबाईल ग्रेसच्या नाकासमोर धरला. शीटच्या खालच्या भागात, बरोबर लंकाबाईच्या दारापुढे, भलामोठा डोंगर उभा होता.

"ह्यो घाट कवा ठरला गं? ऊसतोडीला लई गाड्या हाकल्यात आमी. चढावर बैल गुडघ्यावं आल्याला बगितलाय म्या. माज्या दारात त्ये पुन्ना न्हाई बगायचं."

ग्रेसला एकाच वेळी हसू आणि रडू फुटलं. "मावशी, डोंगर नाही हो तो! कागदावर उंची मुद्दाम दहापट दाखवतात. नाहीतर चढ डोळ्याला दिसतच नाही."

"म्हंजी राईचा पर्वत?"

"अगदी तसंच!"

"मंग खोटंच की!" वाडी खदखदून हसली.

ग्रेसने लॅपटॉप उघडला आणि उंची होती तेवढी करून दाखवली. डोंगर गडप! उरली फक्त एक सरळ रेघ. तिला वाटलं, जिंकलो.

लंकाबाईने रेघेकडे पाहिलं, मग ग्रेसकडे. "येका बटनात डोंगर गिळलास बाई. माजं रान गिळाया कितीक येळ लागंल तुला?"

सरांना खोकला आला. ग्रेसने लॅपटॉप मिटला. आता कागदाने काही व्हायचं नव्हतं.

"मावशी, मग बैलांनाच विचारू!"

हा न्याय लंकाबाईला पटला. तिने गाडी जुंपायला लावली आणि कासरा स्वतःच्या हाती घेतला. अट एकच, बैल दमला तर पट्टी विसरायची. ग्रेस शीट फडकावत शेजारी बसली, सर दोन्ही हातांनी गाडीला धरून मागे. मोजणीच्या खुंट्यांच्या कडेने गाडी निघाली आणि वाडी पळत मागोमाग.

"आता चढ सुरू!" ग्रेस शीट बघून ओरडली. "निम्मा डोंगर झाला! आता शिखर, शिखर!"

शिखरावर डाव्या बैलाने चालता चालताच शेण टाकलं आणि रवंथ चालू ठेवला.

लंकाबाईने कासरा ओढला. मागे वळून पाहिलं. तिचा ओटा, दार, दारातली कोंबडी, सगळं जवळपास तेवढ्याच उंचीवर दिसत होतं.

"ह्योच डोंगर?"

"हाच!"

लंकाबाई अशी हसत सुटली की डोळ्यांना पदर लावावा लागला. "आमच्या ह्यांच्यावानीच हाय की तुजं मशीन! दोन पेंढ्या आनत्यात आन गाडीभर सांगत्यात." सहादेव एकदम बैलाची शिंगं तपासू लागला. "घ्या पट्टी. बैलांनी हुकूम दिलाय."

ग्रेसने गाडीतच तिला मिठी मारली. लंकाबाईने शीट मांडीवर पसरली. "ह्यात तुजं नाव कुटं हाय?"

ग्रेसने कोपऱ्यात बोट ठेवलं. लंकाबाईने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"एवढुश्या चढाचा दहापट डोंगर केलास, आन सवताचं नाव मुंगीयेवढं? त्ये बी कर की दहापट!"

ग्रेसने सरांकडे पाहिलं. सर घसा साफ करत म्हणाले, "ऑफिसच्या शीटवर नाही चालायचं." मग जरा थांबून, "वाडीच्या शीटवर कोण विचारतंय?"

ती शीट आता लंकाबाईच्या ओट्यावरच्या भिंतीला चिकटवलेली आहे. डोंगर तसाच आहे, आणि त्याच्या शेजारी डोंगराएवढं ग्रेस ओहोळ. बैलगाडीतून जाता जाताही वाचता येतं.