चौकोनांचं घर

खारू गेल्यानंतर तिच्या वडिलांनी घरात पहिल्यांदा काही मागितलं असेल, तर ते स्टूल.

"कशाला?" बायकोनं विचारलं.

"माळ्यावरून ते खेळाचं मशीन काढतो."

तिनं स्टूल आणून ठेवलं आणि तो वर चढला तसं एका हातानं धरून उभी राहिली.

तो लिफ्टमिस्त्री. उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायच्या, त्यांचे दोर आणि दरवाजे तपासायचे, मधेच अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचं, यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. पण लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्याला एक वेगळाच नाद होता. कामावरच्या एकानं घर बदलताना त्याला एक जुनं मशीन देऊन टाकलं होतं. दिसायला जाडजूड कीबोर्डसारखं, मागच्या खाचेत एक कार्ट्रिज, म्हणजे खेळ साठवायची डबी, बसवायची आणि वायर टीव्हीला जोडायची. त्यावर खेळ खेळायचे नसत, बनवायचे असत. एकेक चौकोन रंगवून चित्र उभं करायचं, मग नियम टाइप करायचे: याला ते लागलं की दार उघडेल, त्याला हे लागलं की किल्ली मिळेल. रंग मोजकेच. आवाज डासासारखा. त्याच्या हाती आलं तेव्हासुद्धा ते मशीन जुनाटच होतं, पण तो त्यात रमायचा.

आणि त्याच्या मांडीवर खारू. जेवताना घास गालात साठवून ठेवायची म्हणून हे नाव पडलं, ते कायमचं चिकटलं. त्याचा प्रत्येक खेळ ती आधी खेळायची आणि चुका काढायची.

"बाबा, हा राक्षस रडतोय का?"

"नाही गं. ते दात आहेत त्याचे."

"मला रडतोय असंच वाटतंय. त्याला मारायचं नाही. त्याला घरी सोडायचं."

मग तो राक्षसासाठी घर काढायचा, सगळे नियम नव्यानं लिहायचा. पुढं शहर उंच होत गेलं, ड्यूट्या वाढल्या, कधीही फोन यायला लागले. मशीन माळ्यावर गेलं. खारू मोठी झाली, लहान मुलांना पोहायला शिकवू लागली. रुंद खांदे, क्लोरीननं भुरे झालेले केस. रक्ताचा आजार निघाला तेव्हा डॉक्टरसुद्धा म्हणाले, तब्येत कमावलेली आहे, तोंड देईल. तिनं दिलंही. पण आजाराला घाई होती.

शेवटच्या आठवड्यांत कधीतरी, हॉस्पिटलच्या खाटेवर, तिनं विचारलं होतं, "बाबा, तो रडका राक्षस आहे का रे अजून?"

"आहे की. माळ्यावर."

"बघायला पाहिजे एकदा," म्हणाली आणि झोपली.

आता त्यानं मशीनवरची धूळ पुसली. कार्ट्रिजच्या पट्ट्या खोडरबरानं घासल्या. टीव्हीला जोडून बटण दाबलं तर निळा पडदा आला. खेळांच्या यादीचं पान उघडलं. पान रिकामं होतं.

त्यानं कार्ट्रिज काढून पुन्हा बसवली. पुन्हा रिकामं. मग त्याच्या लक्षात आलं. आत नाण्याएवढी एक बॅटरी असते, साठवलेलं सगळं तिच्या जिवावर टिकतं. ती केव्हाच मेली असणार. वीज गेली तरी लिफ्टमध्ये दिवा लागावा म्हणून जन्मभर बॅटऱ्या बदलणाऱ्या माणसाला हे सुचलं नव्हतं.

"गेलं सगळं," तो म्हणाला.

"काय?"

"खेळ. रडका पण गेला."

बायको स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. खाली भांडं नसताना येतो तसा, बराच वेळ.

पुढच्या सुट्टीला त्यानं नवीन बॅटरी आणून झाळून बसवली आणि कोऱ्या पडद्यासमोर बसला. राक्षस आठवून काढावा म्हटलं तर हात चालेना. म्हणून त्यानं घर काढायला घेतलं, खारू लहान असताना ते राहायचे ते दोन खोल्यांचं. भिंती, दार, खिडकी, निळे पडदे. बोटांना जुनी सवय आठवत होती. दुपारपर्यंत घर उभं राहिलं. मग त्या घरात त्यानं खारूला काढलं. आठ चौकोन उंच, आठ चौकोन रुंद एवढ्या जागेत दोन वेण्या, लाल फ्रॉक, फुगलेले गाल. बाणाचं बटण दाबलं तशी ती पलंगापाशी गेली. पुन्हा दाबलं, दारापाशी आली. तो दाबत राहिला.

बायको चहा घेऊन आली आणि तिथंच थांबली.

"ही कोण?"

त्याचं बोट बाणाच्या बटणावरच होतं.

"बटणं दाबून चालवताय तिला?" तिनं आवाज न चढवता कप खाली ठेवला. "वर म्हटलं की वर, खाली म्हटलं की खाली? कधी ऐकलं होतं तिनं कुणाचं?"

"अगं, नुसतं चित्र आहे."

"म्हणूनच. काढून टाका."

त्यानं काढलं नाही. तिनंही पुन्हा विषय काढला नाही. पण घरातलं बोलणं जेवण झालं का, किल्ली घेतली का, एवढ्यावर आलं. ती लाँड्रीच्या दुकानात कपडे अल्टर करायची. तिथून उशिरा येऊ लागली, आली की मशीनच्या खोलीत पाऊल टाकेना.

त्या आठवड्यात तो एका जुन्या इमारतीत लिफ्टच्या टपावर बसून दरवाज्याचा रोलर बदलत होता. खाली लिफ्टची काळोखी विहीर, वर दोर. बंद दरवाज्यापलीकडं कुणीतरी बोलावण्याचं बटण सारखं दाबत होतं.

"दाबू नकोस गं, बंद आहे ती," बाईचा आवाज.

"मग कधी येणार?" लहान मुलगी.

"येईल."

"पण कधी?"

त्याच्या हातातला पाना थांबला. वरच्या मोटरच्या खोलीतून कामावरच्या जोडीदारानं हाक मारली, "झालं का? चालवू का?"

"थांब जरा," तो म्हणाला. जोडीदार थांबला. जरा म्हणता म्हणता बराच थांबला, आणि खाली आल्यावर त्यानं नुसती पाण्याची बाटली पुढं केली.

घरी येऊन कपडे न बदलताच त्यानं मशीन लावलं. लाल फ्रॉकच्या चित्रावर गेला. मशीननं विचारलं, नक्की पुसायचं? त्यानं हो म्हटलं. घर राहिलं, आत कुणी नाही. तो तसाच बघत बसला.

बायको दारात कधी आली ते त्याला कळलं नाही.

"पडदे निळे नव्हते," ती म्हणाली.

"निळेच होते."

"हिरवे होते. शिवले मी, आणि मला सांगताय?"

त्यानं पडदे हिरवे केले. ती आत आली, खुर्ची ओढून बसली.

"खिडकीखाली बादली असायची."

"बादली कशाला?"

"तीत तोंड बुडवून श्वास रोखायची ना ती. मोठ्यानं आकडे मोजायला मला बसवायची. सगळी फरशी ओली. तुम्हाला कुठून माहीत असणार, तुम्ही कामावर."

हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं. त्यानं बादली काढली, पण ती डब्यासारखी दिसायला लागली. बायकोनं लहानपणी दोसुतीवर धागे मोजून पुष्कळ भरतकाम केलं होतं. चौकोनांची तिला ओळख होती. "तळाशी एक काळा चौकोन टाका, एका बाजूला पांढरा," ती म्हणाली. टाकला, आणि बादलीत पाणी दिसू लागलं.

त्या दिवसापासून ती रोज येऊन बसू लागली. संध्याकाळी दुकानातून आली की चप्पल काढायच्या आत काहीतरी सांगायची. फ्रिजवर लपवलेली गुळगुळीत दगडांची पिशवी. भिंतीवरची तिच्या उंचीची पेन्सिलची रेघ, जी पुसली म्हणून खारू दोन जेवणं जेवली नव्हती. तो काढायचा, ती चुका सांगायची.

"पण या घरात चालायचं कुणी?" त्यानं एकदा विचारलं.

तिनं विचार केला. "मी चालते. मला काढा."

त्यानं काढली.

"अय्या, एवढी जाड?"

"आठच चौकोन आहेत गं, काय करू?"

"मग सहात बसवा की!"

दोघंही हसली, आणि आपणच हसलो हे ध्यानात येऊन एकदम गप्प झाली.

खेळ अगदी साधा होता. छोटी बाई घरभर फिरते. एखाद्या वस्तूपाशी गेली की खाली एक ओळ उमटते. ओळी बायको सांगायची, तो टाइप करायचा. दोन खोल्या भरल्यावर त्यांनी पोहण्याचा तलाव काढला. मग ती म्हणाली, "हॉस्पिटल राहिलं."

"ते नको."

"का नको? होती ना ती तिथं? त्या रात्रपाळीच्या नर्सबरोबर केवढी खिदळायची."

"मला नाही जमायचं."

"मी सांगते, तुम्ही नुसते चौकोन भरा."

त्यानं भरले. खाट, सलाइनचा दांडा, खिडकी. मधेच उठून गॅलरीत जाऊन आला, पुन्हा बसला. खोली पुरी झाल्यावर त्यानं विचारलं, "इथं काय ओळ लिहू?"

"इथं काही लिहू नका," ती म्हणाली.

मग एका रविवारी सकाळी ती भाजी निवडता निवडता उठून आली. हाताला माती तशीच होती.

"अहो, एक राहिलंच. लिफ्ट काढा."

"लिफ्ट कशाला?"

"काढा तर. मग सांगते."

त्यानं नवीन चित्र मागितलं. मशीननं बारीक आवाज केला आणि पडद्यावर अक्षरं आली: जागा शिल्लक नाही. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. तेच.

"भरलं मशीन. लिफ्ट हवी तर दुसरं काहीतरी काढून टाकावं लागेल. तलाव काढू? का ते दगड?"

ती पडद्याकडं बघत राहिली. बादली, रेघ, दगडांची पिशवी, खाट. नजर एकेका वस्तूवर थांबून पुढं सरकत होती.

"नको. काहीच काढू नका," ती म्हणाली. "मग नुसतं ऐका."

तो तिच्याकडं वळला.

"तुम्ही त्या मोठ्या टॉवरवर होतात ना, तेव्हा आम्ही दोघी डबा द्यायला यायचो. तुम्ही लिफ्टच्या टपावर बसून काम करता हे तिला कुणीतरी सांगितलेलं. झालं, तेव्हापासून लिफ्टमध्ये शिरलं की छताकडं बघून ओरडायची, 'बाबा, आहेस का?' त्याच इमारतीत नाही हो, कुठल्याही. दुकानात, डॉक्टरकडं. सगळ्या लिफ्टच्या टपावर तुम्हीच बसलेले असता असं वाटायचं तिला. लोक बघायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं."

"मला कधी बोलली नाहीस."

"राहून गेलं. मोठी झाल्यावर ती थट्टेनं करायची. हॉस्पिटलात तपासणीला खाली नेत होते तेव्हासुद्धा, स्ट्रेचरवर पडल्या पडल्या वर बघितलंन्, आणि हळूच..."

तिनं हाताची माती पदराला पुसली. टीव्हीवरची छोटी बाई हिरव्या पडद्यांपाशी उभी होती.

"मग तू काय सांगायचीस तिला?" त्यानं विचारलं.

"काय सांगणार? 'आहे' म्हणायचे. तुमच्यासारखा आवाज काढून."

"म्हणून दाखव."

"आता?"

"हं."

तिनं घसा खाकरला. हनुवटी गळ्याशी घेतली, तोंड उघडलं. आवाज काही निघाला नाही. तिनं पुन्हा एकदा घसा खाकरला, आणि तो वाट बघत बसून राहिला.